आत काय बोलणं झालं

आबा, काल सकाळी तलावावर फिरायला गेले होते, तिथे एक बाई भेटल्या आणि तुमचा विषय निघाला. तुम्हाला जाऊन सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली. आता तुमचा विषय घराबाहेर कुणी काढत नाही. बाई माझ्याच वयाच्या, साठी ओलांडलेल्या, गुडघ्याला पट्टा आणि साडीखाली पांढरे बूट. दोन-तीनदा माझ्याकडे निरखून बघितलं आणि थांबून म्हणाल्या, "तू त्या सीआयडी साहेबांची मुलगी न्हवं?" मग त्यांनी स्वतःची ओळख दिली. गुळाच्या व्यापाऱ्यांची धाकटी मुलगी. ज्यांनी तुमच्यावर फसवणुकीची तक्रार केली त्यांचीच ही लेक, आणि जिच्या लग्नाच्या चौकशीवरून ते सगळं घडलं तीही हीच. आम्ही बाकावर बसलो. नातवंडांची चौकशी झाली, गुडघ्यांची झाली. उठता उठता त्या वडिलांबद्दल म्हणाल्या, "आमचे दादा जाईपर्यंत तुझ्या वडलांना फसव्याच म्हणायचे बघ. त्यांचं नाव निघालं की जेवणावरनं उठायचे. पण मला विचारशील तर लई उपकार झाले. न्हाईतर त्या डोंगरात भात लावत बसले असते की मी!" आणि त्या मोकळेपणाने हसल्या. आबा, मीही हसले. घरी येऊन चहा केला आणि त्या कपासमोर बसून राहिले. चाळीस वर्षं होत आली, आणि अजूनही कुणी तुम्हाला फसवे म्हणालं की मी हसून घेते. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मला तुम्ही उशिराच मिळालात. कॉन्व्हेंट शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायची वेळ आली की आई सांगायची, "सरकारी नोकरी, एवढंच लिही." सिस्टर एकदा म्हणाल्या, सरकारी म्हणजे कुठल्या खात्यात? मी घरी येऊन विचारलं तर आई म्हणाली, "टपाल खात्यात म्हणून सांग जा." मग मी कितीतरी वर्षं मैत्रिणींना सांगत होते की माझे वडील दूरच्या डोंगराळ भागात मोठे पोस्टमास्तर आहेत. त्यात एक गोष्ट मला खटकायची, ती म्हणजे पोस्टमास्तर असून तुमचं पत्र दोन-दोन महिने येत नसे. वर्षातून एकदा तुम्ही यायचात, दाढी वाढलेली असायची, कधी भलत्याच भाषेतला शब्द तोंडातून निघायचा आणि तुम्ही तो गिळून टाकायचात. पंधरा दिवस राहायचात, त्यातले पहिले आठ दिवस मी तुमच्यापुढे येतच नसे. मी एकोणीस वर्षांची झाले तेव्हा तुम्ही, टपाल नव्हे, गुप्तचर खात्यातून मुदतीआधी निवृत्ती घेऊन कायमचे घरी आलात. आईला त्याचं काय वाटलं ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र घरी कुणी पाहुणा राहायला आलाय आणि तो मला आवडतोय, असं वाटत होतं.

पुढच्या खोलीत तुम्ही ऑफिस थाटलंत. एक टेबल, दोन खुर्च्या, दिल्लीहून आणलेला टाइपरायटर आणि दारावर पाटी, "माहिती व चौकशी". त्या पाटीचा पहिला महिना आठवतो? लोक एसटीच्या गाड्यांची वेळ विचारायला यायचे. गडहिंग्लजचे एक आजोबा डोक्यावरची पिशवी खाली ठेवून म्हणाले, "पावणं, आमची गाडी कवा सुटती?" तुम्ही घड्याळाकडे बघून शांतपणे सांगितलंत, "पाऊण तास आहे. पाणी प्या, बसा." आई आतून म्हणाली, "आता तिकिटंबी फाडा की." पण हळूहळू खरी कामं यायला लागली. बहुतेक सगळी लग्नाची. मुलगा काय करतो, पितो का, घरात भांडणं आहेत का, आधीचं कुठे काही ठरून मोडलं आहे का. आयुष्यभर सरहद्दीवरची माणसं वाचलेला अधिकारी इथे येऊन कुणाच्या भावी जावयाच्या सवयी तपासत होता. तुम्हाला त्याची जराही लाज वाटत नव्हती. उलट तुम्ही म्हणायचात, "तिथं माझ्या कागदानं काय झालं ते मला कधी कळलं नाही. इथं कळतं. पोरगी सुखात राहते की नाही, एवढं तरी कळतं."

अहवाल मी टाइप करायचे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या इंग्रजीचा आणि सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून शिकवलेल्या टायपिंगचा तेवढाच उपयोग. "The family appears respectable" असं मी एकदा लिहिलं तर तुम्ही ते वाक्य खोडलंत. म्हणालात, "वाटतं म्हणजे काय? तू काय पाहिलंस ते लिही. दारात चपला किती होत्या, सून पुढे येऊन बोलली की आतून बोलली, गोठा झाडलेला होता का. घर चांगलं की वाईट ते वाचणारा ठरवेल." आणि कुणी काय सांगितलं याच्यापुढे तुम्ही पेन्सिलीने बारीक खूण करायचात. ज्याचं बोलणं तुम्ही दुसऱ्या कुणाकडून पडताळून घेतलंय त्याला एक खूण, न पडताळलेल्याला दुसरी. माझ्या सांगण्यापुढे तुम्ही कधीच खूण केली नाहीत. मी विचारलं, "माझं का नाही पडताळत?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "तुझं कशाला पडताळू?"

मी बरोबर कशी यायला लागले ते बाहेरच्या कुणाला खरं वाटणार नाही. खेडेगावात एकटा परका माणूस कुणाच्या मुलाची विचारपूस करायला लागला की लोक गप्प होतात. पण लग्नाची मुलगी बरोबर घेऊन आलेला बाप असला की सगळं गाव बोलतं. पाणी विचारतं, चहा विचारतं, कुठल्या घराच्या वाटेला जाऊ नका तेही सांगतं. तुम्हाला ही युक्ती सुचली तेव्हा आईने पोळपाट आपटला. "माझी पोर काय सोंगातली भावली हाय व्हय? लोकांच्या दारात बघायला न्हेताय तिला?" तुम्ही म्हणालात, "तिला कोण बघणार नाही. आपण बघायचं." आई म्हणाली, "आंधळी न्हाईत लोकं." आईचं बरोबर होतं. पण मला जायचं होतं, आबा. त्या फेऱ्यांमध्येच तर मला तुम्ही मिळालात. एसटीत खिडकी मला द्यायचात, शेंगदाण्याची पुडी मध्ये धरायचात, आणि दोन गावांच्या मधल्या वेळात एखादी गोष्ट अर्धवट सांगायचात, बर्फातल्या एका चौकीची, नाहीतर मुकं असल्याचं सोंग करणाऱ्या एका माणसाची. पुढचं विचारलं की म्हणायचात, "पुढचं मला सांगायची परवानगी नाही." मला हसू यायचं. तुम्ही मात्र गंभीर.

पहिल्याच फेरीत मी तुमची बोलणी खाल्ली. विहिरीवरच्या बायकांना मी काय काय रचून सांगितलं होतं, मामा वकील आहे, मला भरतकाम येतं, एक स्थळ नागपूरहून आलं होतं. परतीच्या गाडीत तुम्ही शेंगदाण्याची पुडी उघडली नाहीत. मग म्हणालात, "खोटं बोलण्याची आपल्याला हौस नाही. कामापुरतं एकच खोटं, आणि बाकी सगळं खरं. तू आज सात खोटी बोललीस, मी मोजली." मी रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारात जाऊन माझ्यासाठी जाड तळव्याचे काळे बूट घेऊन आलात, कारण आदल्या दिवशी चिखलात माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. साडीवर ते बूट! मी म्हटलं, "आबा, मुलगी दाखवायला नेताय की पोलिसात भरती करायला?" तुम्ही तेव्हा जे हसलात, तसं तुम्हाला हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

मलकापूरच्या पुढच्या त्या गावी मी तेच बूट घालून आले होते. गुळाच्या व्यापाऱ्यांना धाकटीसाठी तिथल्या एका घरातल्या मुलाची माहिती हवी होती. मुलगा शेतकीचं शिकलेला, घरची भातशेती, वडील नाहीत, आई आणि थोरले चुलते. मलकापूरला गाडी सोडून आपण तासभर चाललो. भात कापणीचे दिवस होते आणि वाटेवर सगळीकडे ओल्या पेंढ्याचा वास. ते घर गावाच्या टोकाला, मागे डोंगर. चुलते अंगणात दोर वळत बसले होते. तुम्ही रामराम केलात आणि ठरलेलं वाक्य बोललात, की कोल्हापूरहून आलोय, मुलीसाठी या बाजूला एखादं स्थळ बघतोय. चुलत्यांनी दोर बाजूला ठेवला. "या की पावणं. उन्हातनं आलाय, आधी टेका." मग माझ्या पायांकडे बघून आत हाक दिली, "अगं, पाणी आण. पोरगी बूट घालून आलीया बघ आपल्यात!" मुलाची आई बाहेर आल्या, माझ्या बुटांकडे बघून पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "शानी हाय पोर. डोंगर चढायचा तर आणि काय पैंजण घालून यायाचं?" आणि माझा हात धरून मला आत घेऊन गेल्या.

तुम्ही पडवीत बसलात, मी चुलीपाशी. जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाल्या. नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, घट्ट दही आणि नव्या तांदळाचा भात. मुलगा शेतातून आला, पाय धुतले, तुमच्याशी बोलला. मी आतून ऐकत होते. तुम्ही विचारलंत की शिकलात, मग नोकरी का नाही केली? तो म्हणाला, "केली असती की. पण मग ह्या दोघांस्नी कोण बघणार? आणि खरं सांगू का, मला हितंच बरं वाटतंय." पाणी प्यायला आत आला तेव्हा मला म्हणाला, "बूट कुठनं घेतलं? आमच्या आईलाबी पायजेत तसलं." बस, एवढंच. यापेक्षा जास्त तो माझ्याशी कधीच बोलला नाही. जेवणं झाली, पानाचं तबक आलं, शेजारचे दोघे येऊन बसले. चुलत्यांनी एक अख्खी सुपारी घेतली, सगळ्यांच्या समोर अडकित्त्याने फोडली, निम्मी तुमच्या हातावर ठेवली, निम्मी आपल्या तोंडात टाकली. तुम्ही ती खाल्लीत. मुलाच्या आईने मला कुंकू लावलं आणि आपण निघालो.

अहवाल मीच टाइप केला. मुलगा निर्व्यसनी, गोठा झाडलेला, दारात पाहुण्यांच्या चपला सावलीत सरकवून ठेवण्यात आल्या. ही शेवटची नोंद मी घातली होती आणि तुम्ही ती खोडली नाहीत. व्यापारी खूश होऊन गेले. पंधरा-वीस दिवसांनी त्यांनी त्या गावी माणूस पाठवला, तर चुलत्यांनी हात जोडून सांगितलं, "आमचं ठरलंय. कोल्हापूरच्या पावण्यानं चार माणसांत सुपारी खाल्लीया. पोरगी बूट घालून आलती." आपल्या ऑफिसच्या दारात ते बूट व्यापाऱ्यांनी पाहिले होते, त्यांवरून त्यांना सगळं कळलं. ते आपल्या ऑफिसात आले तेव्हा मी टाइपरायटरपुढे बसले होते. त्यांनी अहवालाचा कागद टेबलावर टाकला. "आमच्याकडनं फी घेऊन सवताच्या पोरीला नवरा बघितलासा व्हय, साहेब? आणि वर आमालाच लिहून दिलंसा, घर चांगलं हाय म्हणून? आवो, चोरबी एवढं लिहून देत न्हाई!" तुम्ही उभे राहिलात. म्हणालात, "तसं काही ठरलेलं नाही. गैरसमज झालाय." ते म्हणाले, "सुपारी खाल्लीसा का न्हाई?" तुम्ही म्हणालात, "खाल्ली." आणि तुमचा चेहरा बदलला. चार माणसांत पूर्ण सुपारी फोडून अर्धी हातावर ठेवली, म्हणजे सोयरीक ठरली, ही आपल्याकडची रीत तुम्हाला त्या क्षणी आठवली. वीस-बावीस वर्षं तुम्ही बाहेर राहिला होतात. दारातल्या चपलांवरून तुम्ही घर ओळखायचात, पण आपल्याच मातीतली रीत तुमच्या डोळ्यांसमोरून निसटून गेली होती.

ते तिथून उठून थेट पोलीस स्टेशनला गेले. एका स्थानिक पेपरात आलं, माजी गुप्तचर अधिकाऱ्यावर फसवणुकीचा आरोप, आणि खाली तुमच्या पाटीचा फोटो. गल्लीतल्या लोकांना तर विषयच मिळाला. समोरचे काका गॅलरीतून ओरडायचे, "साहेब, आमच्या धाकटीलाबी एक फेरी मारून आणा की, जावई मिळंल!" आई महिनाभर पुढच्या दारात आली नाही, मागच्या दाराने दूध घ्यायची. तुमचं मात्र रोजचं वेळापत्रक चुकलं नाही. आंघोळ, इस्त्रीचा सदरा, टेबलाशी बसणं. फक्त कुणी येत नव्हतं.

आणि मग एका दुपारी ते दोघे आले. चुलते आणि मुलाची आई, एसटीने, बरोबर नव्या तांदळाचं पोतं. चुलत्यांनी ते पाठीवरून आपल्या उंबऱ्यात उतरवलं आणि घाम पुसत म्हणाले, "पावणं, तुमचा निरोप न्हाई, काय न्हाई. म्हटलं, आपणच जाऊन तारीख विचारून यावं." मी स्वयंपाकघराच्या पडद्यामागे होते. तुम्ही त्यांना खुर्चीवर बसवलंत, स्वतः उभे राहिलात, आणि तुम्हाला आयुष्यात कधी करावं लागलं नव्हतं ते केलंत. तुम्ही खरं सांगितलंत. की मी चौकशीसाठी आलो होतो, दुसऱ्यांच्या मुलीसाठी, आणि मुलीसाठी स्थळ बघतोय हे खोटं होतं. चुलत्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे पोरगीबी खोटी व्हती व्हय?" तुम्ही पडद्याकडे बघितलंत, आबा. मला तुमचे डोळे दिसले, तुम्हाला मी दिसले की नाही ते माहीत नाही. मी एक पाऊल मागे सरकले. तुम्ही म्हणालात, "पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं तशी ती वागली. सगळी चूक माझी आहे." मुलाची आई काहीच बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून आत आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या. माझ्या गालाला हात लावला आणि अगदी हळू म्हणाल्या, "असू दे." जाताना तुम्ही तांदूळ परत न्यायला सांगितलंत तर चुलते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. उतरलेलं पोतं परत न्हेत न्हाईत आम्ही. तुमी चुकलासा, तांदळानं काय केलंय?"

इन्स्पेक्टर तुम्हाला मानणारे होते. ते घरी येऊन म्हणाले, "साहेब, त्या गावच्या लोकांकडून दोन ओळी लिहून आणा, की सोयरीक ठरली नव्हती, मुलगी फक्त देखाव्याला आणली होती. मी तक्रार निकाली काढतो." आई म्हणाली, "उद्याच जाऊन आणा." तुम्ही नाही म्हणालात. "त्या लोकांना मी खरंच फसवलंय. मी प्रामाणिक आहे हे आता त्यांच्याकडूनच लिहून घेऊ?" मग तुम्ही व्यापाऱ्यांना माफीचं पत्र लिहिलंत, त्यांची फी परत केलीत, पाटी उतरवलीत. तक्रार मिटली. पण लोकांच्या लेखी माफी मागणारा माणूस म्हणजे गुन्हा कबूल केलेला माणूस. त्यानंतर अकरा वर्षं तुम्ही लोकांना अर्ज लिहून देत बसलात, रेशनकार्डाचे, पेन्शनीचे, फुकट. वर्षभराने एकदा एसटीने कुठेतरी गेलात आणि संध्याकाळी येऊन मला म्हणालात, "त्या मुलाचं झालं. बायको नर्स आहे. गावात दवाखाना नव्हता, बरं झालं." तेवढीच तुमची शेवटची चौकशी. माझंही पुढे लग्न झालं, चांगलं झालं. जावई तुम्हाला आवडायचे. आत्ता ते बाहेर पेपर वाचतायत.

तुम्ही जाण्याच्या आदल्या वर्षी आपण दोघं अंगणात मटार सोलत बसलो होतो. तुम्ही एकाएकी म्हणालात, "ती सुपारी खाल्ली, ती चूक. बाकी काम चोख होतं. आत काही बोलणं झालं नव्हतं, बाहेर मी काही कबूल केलं नव्हतं. नुसती सुपारी." मी मटार सोलत राहिले. शाळेत ख्रिश्चन मुली शुक्रवारी रांगेने फादरांपुढे जाऊन गुडघे टेकून आपल्या चुका सांगायच्या आणि हलक्या होऊन यायच्या. आम्हा बाकीच्यांना तेव्हा शिवणाचा तास असायचा. मला वाटायचं, आपल्यालाही तशी रांग हवी होती. अंगणात त्या दिवशी रांग नव्हती, फक्त तुम्ही होतात, आणि हातभर अंतर होतं. तरी मी बोलले नाही.

आत बोलणं झालं होतं, आबा. भाकरी थापता थापता मुलाच्या आईने माझ्याकडे न बघता विचारलं होतं, "पोरी, आमचं घर आवडलं का तुला? खरं सांग, मी कुणाला सांगत न्हाई." आणि मी "हो" म्हणाले. त्यांनी परत विचारलं, "ऱ्हाशील हितं?" मी मान हलवली. मग त्या उठून दारापर्यंत गेल्या आणि चुलत्यांना मानेने खुणावलं. त्याच्यानंतर सुपारी फुटली. तुम्ही काही चुकला नव्हतात. कुणी लेकीला विचारून सुपारी फोडली आणि बापाने ती खाल्ली, तर त्यात बापाचं काय चुकलं? परतीच्या गाडीत शेंगदाण्याची पुडी मध्ये धरून तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, "आत काय बोलणं झालं?" मी म्हटलं, "काही नाही. भाकरीबद्दल." तुम्ही ते पडताळलं नाहीत. तेव्हाच मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही पुढच्या फाट्यावर गाडी थांबवून परत चालत गेला असतात, सगळं समजावून सांगितलं असतंत. कुणी पेपरात छापलं नसतं, आणि काल तलावावर कुणी तुम्हाला फसवे म्हणालं नसतं.

उद्या सकाळी त्या बाई परत येतील, रोज येतात म्हणाल्या. मी त्यांना सांगणार आहे, की तुमच्या दादांना माझ्या वडिलांनी फसवलं नाही. माझ्या वडिलांना मी फसवलं. त्या हसतील, नाहीतर म्हणतील, आता काय उपयोग. म्हणू देत. मी तोंडून सांगणार आहे. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, आणि पाठवायला तुमचा पत्ता तरी कुठे आहे?

पण त्यांना सांगताना मी म्हणेन, की मी लहान होते, गोंधळले, तोंडातून "हो" निघून गेलं. ते खरं नाही. ती सुपारी फुटल्यापासून व्यापारी ओरडत येईपर्यंतचे पंधरा-वीस दिवस मी रोज सकाळी मागच्या अंगणातल्या चुलीवर नाचणीची भाकरी करून बघत होते. पहिल्या दोन-तीन फाटल्या, मग जमायला लागल्या. आईने विचारलं, "हे काय खूळ?" तुम्हीही खाल्लीत आणि चांगली झालीय म्हणालात. आबा, तेवढे दिवस मी फार सुखात होते.